बायविथ सर

वऱ्हाडात या जातीचा माणूस ओळखायचा असेल तर त्याला एखादी आनंदाची बातमी सांगून बघावी. 'सर, पोरगं बारावी पास झालं.' दुसरा कुणी पेढे मागेल. हा चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, 'कशानं?'

आपण गडबडतो. 'कशानं म्हणजे? अभ्यासानं.'

'अभ्यासानं, शिकवणीनं, का पुढच्या बाकावरच्या पोट्ट्याच्या पेपरानं? नीट सांग. बाय का विथ?'

अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत हा माणूस कुठंही भेटतो. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, पांढरा शर्ट, खिशात लाल पेन, पिशवीत जिल्द बदलबदलून जाड झालेलं नेस्फील्डचं व्याकरण. बाकीच्या निवृत्तांना राजकारण, शुगर आणि सून एवढे विषय मरेपर्यंत पुरतात. याला इंग्रजीतली दोन चिमुकली अव्ययं पुरली. काम कुणी केलं आणि कशानं केलं, याचा छडा ती दोन अव्ययं लावतात, अशी त्याची श्रद्धा. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं 'बायविथ सर'. खरं नाव पेन्शनच्या कागदावर असतं आणि तिथंही त्याच्या स्पेलिंगवर वाद चालू असतो.

आमच्या बायविथ सरांकडं लग्नपत्रिका आली की ते आधी इंग्रजी मजकुरातल्या चुका काढतात, मग तारीख बघतात. चुका इतक्या निघतात की तारखेपर्यंत पोचेस्तोवर लग्न लागून गेलेलं असतं. गिला वड्याच्या गाडीवर गेले तरी प्लेट हातात घेण्याआधी पाटी वाचतात. त्यांचे वडील तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले, सर स्वतः नेस्फील्डवर वाढले आणि विद्यार्थ्यांना त्यांनी रेन आणि मार्टिन शिकवला. पण रेनवर त्यांचा पुरता भरवसा कधीच बसला नाही. त्या रेनसाहेबानं 1924 साली 'बो जेस्ट' नावाची वाळवंटातल्या पलटणीची कादंबरी लिहिली, हे सरांना कुठंतरी कळलं. 'कादंबऱ्या लिहिणाऱ्याचं व्याकरण जरा पारखून घ्यावं लागते,' असं ते म्हणतात.

सरांची नोकरी अकोल्याला आणि घर अमरावतीला, त्यामुळं हयात अपडाउनमध्ये गेली. अपडाउन हा वऱ्हाडातल्या मास्तर-बाबू लोकांचा कुळाचार आहे. सकाळी बडनेऱ्याला पॅसेंजर धरायची, मूर्तिजापूरला चहा प्यायचा, बोरगाव गेलं की पत्त्यांचा डाव मोडायचा आणि अकोल्याला उतरून शाळेची घंटा गाठायची. डब्यात बाकीचे रमी खेळत आणि सर खिडकीशी बसून नियम सांगत. कुणी ऐकत नसे, पण वर्षानुवर्षं कानावर पडून त्या डब्यातल्या पोस्टाच्या, बँकेच्या आणि पाटबंधाऱ्याच्या माणसांचं इंग्रजी सुधारलं.

'बाय ट्रेन म्हणजे रीत,' सर सांगायचे. 'कोणतीही ट्रेन. बायच्या मागं नाम कसं बोडकं पायजे. ना अ, ना द, ना माझं, ना तुझं. पण मालक आला की बाय पळून जाते. माझ्या भावाच्या कारनं आलो, तर इन माय ब्रदर्स कार. मालकाच्या गाडीत बसावंच लागते राजेहो, रीतीत बसता येत नाही.'

पत्ते पिसता पिसता पोस्टमास्तर विचारत, 'अन् हातानं?'

'त्याचे दोन हिशेब. कापूस बाय हॅण्ड वेचतात, कारण मशीननं का हातानं, हा रीतीचा प्रश्न झाला. पण रोडगा-भरीत खायचं ते विथ युअर हॅण्ड. तिथं हात चमच्याच्या जागी आला, हत्यार झाला.'

पोस्टमास्तरांनी पुढं आपल्या नातीला हे शिकवलं, असं ऐकतो. नात म्हणे जेवायला बसली की आधी विचारते, आज हात रीत आहे की हत्यार.

शेगावची पायी वारी आणि श्रावणातली कावड, या दोन गोष्टींनी सरांना जितका त्रास दिला तितका इन्स्पेक्टरनंही दिला नाही. शेवटच्या श्रावण सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला वाहतात. दरवर्षी त्यावर निबंध, आणि दरवर्षी अर्ध्या वर्गाच्या निबंधात भाविक येतात ते 'बाय फूट'. सर वही वर धरून विचारत, 'बाय फूट? प्लॉट हाय का तो? तीस बाय चाळीस?' अमरावती-अकोल्यात बाय हा शब्द जर कुणाच्या तोंडी खराखुरा वसला असेल तर तो प्लॉटच्या दलालांच्या. मग सर फळ्यावर लिहीत: पाय हे वाहन नव्हे, माणूस त्याच्यावर उभा असतो, म्हणून 'ऑन फूट'. कावड 'ऑन शोल्डर्स', पाणी 'इन' घागरी, मन 'विथ' भक्ती. सगळा निबंध तपासून झाला की बायला जागाच उरलेली नसे. 'देवाच्या कामात बाय नसते,' असं एकदा ते बोलून गेले. तेवढं एकच वाक्य त्यांच्या वर्गाला धार्मिक वाटलं.

वाहनांतला एकच अपवाद सरांनी मनापासून मान्य केला, तो शकुंतलेचा. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर अशी ही नॅरोगेज. किलिक-निक्सनच्या कंपनीनं वऱ्हाडचा कापूस ओढायला ती टाकली. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. आता ती बंदच पडली आहे. चालू होती तेव्हा चढ आला की माणसं खाली उतरत, शेताच्या धुऱ्यावरून चालत आणि पुढं जाऊन पुन्हा डब्यात चढत. एका पोरानं परीक्षेत 'बाय शकुंतला' लिहिलं तर सरांनी लाल शाईनं खोडून वर 'विथ' लिहिलं. पालक भांडायला आले. सर म्हणाले, 'मी गेलोय तिच्यात. माणूस तिच्यासोबत जाते. तिच्यानं थोडीच जाववते? तिचं तिच्यानंच होत नव्हतं.'

सरांच्या विद्येची खरी कसोटी लागली ती एका फुटलेल्या काचेनं. शाळेतल्या हेडमास्तरांच्या खोलीची काच होती. मधल्या सुटीनंतर सगळी तुकडी रांगेत उभी केली. सगळे खाली बघत होते. इंग्रजीच्या तासाला एरवी तोंड न उघडणारा एक पोट्टा पुढं आला आणि स्वच्छ म्हणाला, 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉल, सर.'

हेडमास्तर छडी घेऊन धावले. बायविथ सरांनी त्यांचा हात धरला.

'थांबा. वाक्य बरोबर हाय.'

आणि तिथंच, काचेच्या तुकड्यांमध्ये उभं राहून, त्यांनी आयुष्यातला सगळ्यात चांगला तास घेतला. 'ब्रोकन बाय द बॉल म्हटलं की चेंडू कर्त्याच्या खुर्चीवर बसला. त्याच्या मागं कोणी हाय का नाही, हे इंग्रजी विचारत नाही. चेंडू आला अन् काच गेली. पण ब्रोकन विथ द बॉल म्हणून पाहा! विथ म्हटलं की मागं हात आलाच. चेंडू कोणाच्या तरी हातातला झाला. बाय म्हणते, हे यानं झालं, घरी जा. विथ म्हणते, हे हत्यार सापडलं, आता हात शोधा. या पोट्ट्यानं बाय लावून चेंडूले फाशी देली अन् स्वतः सुटला. याले दहापैकी दहा.'

मग त्या पोराकडं वळून ते म्हणाले, 'आता हेच वाक्य विथ लावून म्हण.'

पोरानं तोंड उघडलं नाही. हेडमास्तरांनी सगळ्या रांगेला छड्या दिल्या. तो पोरगा आज अकोल्याच्या कोर्टात नामांकित वकील आहे.

त्या दिवसापासून सरांचं मराठीशी बिनसलं. मराठीत ही चौकशी पहिल्याच पायरीवर बसते, असं त्यांचं म्हणणं. 'पोरानं चेंडूनं काच फोडली.' फोडणाऱ्याला 'नं', फोडायच्या वस्तूलाही 'नं'. दोघांना एकच प्रत्यय आणि कोण आरोपी, कोण मुद्देमाल, ते ऐकणाऱ्यानं आपापलं ठरवायचं. हा घोळ सरांनी मागं मागं नेऊन थेट पाणिनीच्या दारात टाकला. क्रिया साधायला ज्याचा सगळ्यांहून जास्त उपयोग होतो ते करण, असं पाणिनीनं नेमकं सांगितलं. सांगून मग कर्ता आणि करण, दोघांनाही त्यानं तृतीयाच वाढली. पुढं दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यातही ती वाटणी काही वेगळी झाली नाही. आणि मराठीचं जुन्यात जुनं व्याकरण कुणाचं, असा विषय निघाला की सर पुण्या-मुंबईच्या माणसाला बोलूच देत नाहीत. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, अशी दोन नावं ते पाठोपाठ घेतात. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाल्याचा त्यांना फार आनंद झाला. तिथं तृतीयेचा स्वतंत्र विभाग असावा, एवढी एकच त्यांची मागणी आहे.

आणि मग सर आवाज खाली आणून ते सांगतात, जे त्यांना कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही.

'पुण्याचा माणूस काय म्हणते? मी केलं, मी सांगितलं, मी फोडलं. त्याच्या मीले प्रत्ययच नाही. मोकळा हिंडते. आमचा खेड्यातला माणूस म्हणते, म्या केलं. म्या म्हणजे मीची तृतीया. जुन्या पोथ्यांत हेच म्यां हाय. शहरानं टाकून देलं, वऱ्हाडानं सांभाळलं. म्या म्हटलं की कर्त्यानं अंगठा देला. जगातल्या कोणत्या भाषेत इतका सोपा कबुलीजबाब हाय?'

'पण सर,' कुणीतरी विचारतं, 'त्या दिवशी वर्गात कुणी म्या फोडली म्हणालं नाही.'

सर उसासा टाकतात. हीच त्यांच्या जिवाची खंत आहे. प्रत्यय राहिला, पण तो बाहेर काढायची वेळ ठरलेली असते. म्या सोयरीक जमवली, म्या त्याले निवडून आणला, म्या सांगतलं होतं पाऊस येईन म्हणून. आणि सोयरीक मोडली तर पत्रिकेनं, निवडून आणलेला पळाला तर पैशानं, पेरणी बुडाली तर पावसानं. सर म्हणतात, 'फायद्याच्या वाक्यात म्या, तोट्याच्या वाक्यात चेंडू.'

इतिहासाचे मास्तर रजेवर असले की सर ऑफ तासाला जात आणि इतिहासही याच दोन अव्ययांवर उरकत. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कशानं? बाय ट्रीटी. विथ काय? तलवारीची गरजच पडली नाही, हैदराबाद कंटिंजंट फौजेचं थकलेलं देणं पुरलं. पोरं हे उत्तर इतिहासाच्या पेपरात तसंच लिहीत आणि इतिहासाचे मास्तर तपासताना चक्क मार्क देत, कारण चूक कशात आहे ते त्यांना सापडत नसे.

एवढ्या मोठ्या सिद्धान्ताला तडा गेला तो त्यांच्याच शिष्याकडून. चेंडूला फाशी देणारे ते वकीलसाहेब एकदा अमरावतीला आले आणि सरांच्या पाया पडून म्हणाले, 'सर, तुम्ही शिकवलं की हत्याराला विथ लागते. मग हे काय?' धुऱ्यावरच्या भांडणाची केस होती. एकानं दुसऱ्याच्या पाठीत बंडीची उभारी घातलेली. कलम 324. वकिलांनी कायद्याचं पुस्तक उघडून मथळ्यावर बोट ठेवलं: व्हॉलंटरिली कॉजिंग हर्ट बाय डेंजरस वेपन्स ऑर मीन्स.

बाय वेपन्स. सरांच्या बशीतला चहा तसाच राहिला.

'कोणं लिहिलं हे?'

'मेकॉलेनं, सर. 1837 चा मसुदा, 1860 चा कायदा.'

ते काही दिवस सर कुणाला काही विचारेनासे झाले. बातमी सांगितली तर नुसतं 'छान' म्हणत. गावाला काळजी वाटली. किंग एडवर्ड कॉलेज म्हणून 1923 साली सुरू झालेल्या विदर्भ महाविद्यालयात सर शिकले होते. त्यांनी पुन्हा तिथलं ग्रंथालय गाठलं. तिथून ते परत आले तेव्हा चाल बदललेली होती. त्यांनी अकोल्याला फोन लावला.

'वकीलसाहेब, मेकॉले बरोबर हाय. त्या मथळ्यात मारणाराच नाही. हर्ट एकटं उभं हाय. मारणारा नसला की हत्याराची रीत होते. इजा कोणत्या रीतीनं? बाय वेपन. पण साक्षीदार पिंजऱ्यात आला अन् म्हणाला, फलाण्यानं याले मारलं, की मागं हात आला. मग विथ. कलमात बाय, साक्षीत विथ. मेकॉले बरोबर, अन् मीबी बरोबर.'

'सर, त्या कलमात जनावराचंही नाव हाय. बैलानं मारलं तर?'

'बैल आपल्या मनानं आला तर बाय द बुल, त्यात गुन्हा नाही. कोणी अंगावर घातला तर हात शोधा.'

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. 324 चं 118 झालं, इतर पुष्कळ बदललं. सरांनी पहिल्याच दिवशी नवं पुस्तक मागवून एकच गोष्ट तपासली. बाय जागच्या जागी होता. त्या दिवशी त्यांनी घरात पेढे वाटले, आणि कशाचे ते कुणालाच समजावता आलं नाही.

त्याच ग्रंथालयात त्यांना आणखी एक ऐवज सापडला. इंग्रजीलाही एके काळी तृतीया होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'कशानं' दाखवायला वेगळं रूप होतं. नंतर ते झिजून गेलं आणि त्याच्या जागी बाय-विथ आले. जाता जाता दोन खुणा मात्र राहिल्या. 'द मोअर, द मेरिअर' म्हणतात त्यातले दोन्ही 'द' त्या जुन्या तृतीयेचे, 'जितक्यानं-तितक्यानं' असे. आणि दुसरी खूण म्हणजे 'व्हाय'. 'व्हॉट'ची जुनी तृतीया म्हणजे 'व्हाय'. म्हणजे इंग्रज जेव्हा 'का' विचारतो तेव्हा मुळात तो 'कशानं' असंच विचारत असतो.

सर हे सांगायला धावत चहाच्या टपरीवर गेले. 'अबे, ऐक. साहेबाचा व्हाय म्हणजे तृतीया!'

टपरीवाला कप विसळत म्हणाला, 'काहून?'

सर त्याच्याकडं बघतच राहिले. काय आणि हून मिळून काहून. सरांच्या मते हेही 'काय'चंच विभक्तीत घातलेलं रूप, फक्त आपण पंचमी घेतली आणि साहेबानं तृतीया. टेम्सच्या काठी आणि मोर्णेच्या काठी, दोन्हीकडं माणसाला आधी 'काय' कळतं आणि मग तो त्याच 'काय'ला प्रत्यय लावून कारण शोधत बसतो. त्या दिवसाचा चहा सरांनी सगळ्या टपरीला पाजला. टपरीवाला अजून त्या 'काहून'ची वाट बघतो, पुन्हा तसा धंदा झाला नाही.

विद्येचे फायदे असे अधूनमधून झाले. तोटे मात्र नेमानं झाले. निवृत्तीनंतर सरांची काही रक्कम एका कार्यालयात अडकली. तिथून पत्र आलं की अर्ज 'थ्रू प्रॉपर चॅनेल' यावा. सरांनी लाल पेनानं त्या पत्रातल्या चार चुका दुरुस्त करून ते परत पाठवलं, बाय पोस्ट. बाबूंनी ती दुरुस्ती फायलीला लावली आणि फाईल सगळ्यात खाली ठेवली. सरांनी त्यावरही नियम बसवला. 'बायनं अर्ज पोचते. थ्रूनं अर्ज निघते. थ्रू म्हणजे आरपार, पण आमच्याकडल्या थ्रूले दुसरी बाजूच नाही.'

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरानं भरून काढली आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. सगळा जिल्हा बघायला गेला. सरही गेले. तिथं उभ्या माणसांना ते विचारत होते, 'हे कोणं केलं?' कुणी खात्याचं नाव घेतलं, कुणी पुढाऱ्याचं, कुणी 'मशिनीनं' म्हणालं. सर प्रत्येकाला थांबवत. 'मशीन विथ. खातं थ्रू. बाय कोण ते सांग.' शेवटी रोलरच्या सावलीत डबा खाणाऱ्या एका मजुरानं विचारलं, काय पायजे गुरुजी? सरांनी तोच प्रश्न केला. तो म्हणाला, 'आमी केला. सातशे वीस जन होतो.' सरांनी वहीत लिहून घेतलं: बाय 720 माणसं. त्या दिवशी त्यांना त्या रस्त्यावर पूर्ण वाक्य भेटलं होतं.

अशी पूर्ण वाक्यं कमी भेटतात, म्हणून कोनशिला दिसली की सर आधी पेनाचं टोपण काढतात. त्यांच्या घराजवळच्या नाल्यावर पूल झाला. संगमरवरावर वर मराठी: अमुक यांच्या शुभहस्ते. खाली इंग्रजी: इनॉगरेटेड अ‍ॅट द हॅण्ड्स ऑफ. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाच्या हातून छळ व्हावा, मार बसावा, हार व्हावी, तेव्हा इंग्रजीत 'अ‍ॅट द हॅण्ड्स ऑफ' येतं. लोकार्पणाला साधा बाय पुरतो. सरांनी वर्तमानपत्रांना पत्रं धाडली, ठेकेदाराला गाठलं. ठेकेदार म्हणाला, 'सर, हस्ते म्हणजे हॅण्ड्स. दोन्ही हातानं फीत कापली साहेबानं, म्या पाह्यलं.' सरांनी त्याला समजावलं की म्या बरोबर आहे, बाकी सगळं चूक. शेवटी एका रात्री ते लाल रंगाची डबी घेऊन पुलावर गेले, पण वॉचमन जागा होता.

पहिल्याच पावसाळ्यात पुलाचा एक कठडा आणि निम्मी वाट वाहून गेली. सकाळी गर्दी झाली. सर कोनशिलेपुढं बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी पेन खिशात परत घातला.

'राहू द्या,' ते म्हणाले. 'इंग्रजी बरोबर होतं.'

सरांच्या या साऱ्या संसारात व्याकरण न शिकलेली व्यक्ती एकच, आमच्या काकू. दर्यापूरकडच्या. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. सर कर्ता-करण करत बसतात तोवर घरातली क्रिया उरकलेली असते.

मुलीचा मुलगा सुटीत आला होता. सर त्याचा गृहपाठ तपासत होते. गाळलेली जागा भरा: द व्हेजिटेबल्स वेअर बॉट अमुक ग्रँडफादर. नातवानं भरलं होतं, 'विथ'.

सरांनी पेन उचलला. 'बाळा, आजोबा इथं कर्ता हाय. बाय पायजे.'

'नाही आबा,' नातू म्हणाला. 'भाव आजी करते. निवडते आजी. पैसे आजीच्या बटव्यातले. तुम्ही पिशवी धरून उभे असता. तुम्हीच तर सांगितलं, विथ म्हटलं की मागं हात असतो.'

सरांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आत काकू दळणाचा डबा भरत होत्या. सरांनी पेन खाली आणला, बरोबरची खूण केली आणि पूर्ण मार्क दिले. तेवढ्यात आतून हाक आली आणि सर गुडघा दुखत असताना डबा उचलून बाहेर पडले.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा सर आतल्या खोलीत पाय वर करून पडलेले. गुडघा सुजून टम्म. डॉक्टर येऊन गेले होते, मुलीचा फोन चालू होता, शेजारीपाजारी जमले होते आणि सगळे कारण शोधत होते. कुणी म्हणालं वयानं झालं, कुणी म्हणालं रस्त्यातल्या खड्ड्यानं, कुणी म्हणालं नव्या चपलेनं.

काकू शेकायची पिशवी भरत होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

'कायची चप्पल अन् कायचा खड्डा. गुडघा दुखते म्हनत होते, तरी म्या धाडलं त्याईले गिरणीवर.'

आतल्या खोलीतलं कण्हणं एकदम थांबलं आणि सरांचा आवाज आला, वर्गातला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा:

'ऐकलं का? कर्त्याची तृतीया! तोट्याच्या वाक्यात! अरे, कोणीतरी लिहून घ्या!'